दहा जणांनी ऐकलेली चाल

सणाच्या जेवणातल्या टर्कीचा नुसता सांगाडा उरला होता, कोबी घातलेल्या शेवयांचं पातेलं खरवडून झालं होतं, तरी एमिल सेदलाक मुलाला सोडायला तयार नव्हता.

"बाकावर बसव त्याला," तो तिसऱ्यांदा म्हणाला. "निदान पहिला अर्धा सामना. उपांत्य फेरी आहे, पॉल. गल्लीतला खेळ नाही."

पॉल काट्यानं अक्रोडाच्या रोलचा तुकडा ताटलीत इकडून तिकडे ढकलत राहिला. तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि कोलटन हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कोच होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. पण त्याआधी अडतीस वर्षं ती जागा वडिलांची होती. गावातले निम्मे पुरुष अजूनही एमिलला नावानं हाक मारत नसत, 'कोच'च म्हणत. पॉलला मात्र सगळे पॉलच म्हणत.

"मलीक माझा क्वार्टरबॅक आहे, बाबा. त्याला बसवलं तर चेंडू फेकणार कोण?"

"जो सांगितलेलं ऐकेल तो. तू बाहेरून चाल पाठवतोस. हा पोरगा रेषेवर जाऊन उभा राहतो, समोर बघतो आणि ओरडून भलतीच चाल लावतो. गेल्या आठवड्यात दोनदा केलं त्यानं."

"एकदा टचडाउन झालं त्यात, सहा गुण मिळाले."

"आणि एकदा थोडक्यात वाचलात."

टेबलाच्या त्या टोकाला वेरानं हातातला कप खाली ठेवला. ती एमिलची बहीण, एकसष्ट वर्षांची. शाळेची बस चौतीस वर्षं चालवून ती निवृत्त झाली होती, आणि त्या चौतीस वर्षांत संघाला दूरच्या सामन्यांना नेणारी बसही तिचीच असायची. स्वतः ती कधी मैदानावर उतरली नाही, पण कोलटनचा एकही सामना तिनं चुकवला नव्हता. नवऱ्याच्या, वॉल्टच्या, अंत्यविधीच्या आठवड्यातसुद्धा ती शुक्रवारी स्टँडमध्ये जाऊन बसली होती. गावात कुणी काही बोललं नाही.

"उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात याला, एमिल," ती म्हणाली. "तू बाहेर उभा. चेंडू त्याच्या हातात. समोरून धावत येणारी माणसं त्याच्या अंगावर. आणि बघायचं कुणी, तर तू."

"झालं. बस ड्रायव्हर बोलल्या."

"बोलणारच. डेपो रस्ता ठरवून देतो, मान्य आहे. पण पुढे पुलावर पाणी आलेलं दिसलं तर मी डेपोला फोन लावत बसायचं का? मुलं बसमध्ये आहेत. वळवायची बस."

टेसा, पॉलची मुलगी, हसली. एमिल हसला नाही, पण उत्तर देताना त्याला मजा येत होती हे सगळ्यांना दिसत होतं. या विषयावर त्या दोघांचं भांडण टेसाच्या वयापेक्षा जुनं होतं.

"तुझ्या बसमध्ये ड्रायव्हर एकच असतो. माझ्याकडे अकरा असतात. रस्ता बदलायचा तर अकराही जणांना कळायला हवा, तेही तीन-चार सेकंदांत, हजारो माणसं ओरडत असताना. एकाला जरी कळलं नाही तरी ती चाल राहत नाही. तो अपघात होतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. एकोणऐंशी साली डोळ्यांनी पाहिलंय."

टेबलाभोवतीच्या कुणीही लिओकडे बघितलं नाही, आणि त्यामुळेच सगळं लक्ष त्याच्याकडे गेलं.

लिओ म्हणजे वेराचा जुळा भाऊ. अकरा वर्षांनी तो घरी आला होता, तोही एमिलची बायको आयरीन हिनं तीनदा फोन करून बोलावलं म्हणून. ॲरिझोनात तो जमिनीची मोजणी करायचा. एकोणऐंशी सालच्या उपांत्य सामन्यात कोलटनचा क्वार्टरबॅक तोच होता, सतरा वर्षांचा. आणि बाहेर उभा असलेला तीस वर्षांचा नवा कोच त्याचा सख्खा मोठा भाऊ होता. लिओनं रेषेवर जाऊन चाल बदलली, चेंडू जिथे फेकला तिथे आपला कुणीच नव्हता, विरोधी खेळाडूनं तो झेलला आणि सत्तर यार्ड पळत नेला. एमिलनं लिओला बाकावर बसवलं. सामना गेला. जानेवारीत लिओ गाव सोडून गेला.

"आजोबा," टेसा घाईघाईनं म्हणाली, "मी तुमच्यासाठी काहीतरी आणलंय. नाताळसाठी ठेवणार होते. माळ्यावरची तुमची जुनी रिळं होती ना, ती मी कॉलेजात नेऊन सगळी कॉम्प्युटरवर घेतली. टीव्हीवर दिसतात आता."

"सगळी?"

"सगळी. एकोणऐंशीचीही. त्या डब्याचं सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं."

एमिलनं हाताची घडी घातली. "मोसम संपला होता. संपलेल्या मोसमाची फिल्म बघून काय करायचं होतं?" मग लिओकडे न बघताच तो म्हणाला, "लाव. पॉललाही कळेल."

लिओ उठला. "मी भांडी घासतो," तो म्हणाला.

*

आयरीननं त्याला ॲप्रन दिला. या स्वयंपाकघरात तिनं पन्नास वर्षांत एकाही पुरुषाला सिंकपाशी उभं राहू दिलं नव्हतं. आज तिनं फक्त कोरडं फडकं हातात घेतलं आणि ती त्याच्या शेजारी उभी राहिली.

"मी बोलावलं आणि इथे बसून हे ऐकायला लागलं तुला," ती म्हणाली.

"नवीन काही नाही, वहिनी."

"तो तसा नाही रे. म्हणजे, आहे तसाच. पण तुझं पत्र आलं की आधी तोच फोडायचा. माझ्या हातात नंतर यायचं."

लिओ पातेल्याच्या तळाशी चिकटलेली शेवई नखानं काढत राहिला. बाहेरच्या खोलीतून टेसाचा आवाज येत होता, आवाज नाहीये हं याला, मूकपटच आहे.

"एक विचारू?" आयरीन म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं झाली. तू एकदाही म्हणाला नाहीस की मी का केलं तसं. माणूस चुकला तरी काहीतरी सांगतो. ऊन डोळ्यांवर आलं, हात घसरला, काहीतरी. तू ब्र काढला नाहीस. का?"

लिओला हा प्रश्न कुणीतरी विचारेल अशी भीती पहिली काही वर्षं होती. मग ती गेली.

"सांगून सामना परत मिळाला नसता," तो म्हणाला.

"हे उत्तर नाही."

"नाही," तो म्हणाला, आणि त्यानं पातेलं तिच्या हातात दिलं.

*

वेराला तो सामना पाठ होता, पण स्टँडच्या तिसऱ्या पायरीवरून. ही फिल्म वरून, छपरावरून घेतलेली होती, आणि वरून सगळं वेगळंच दिसत होतं. बावीस माणसं पटावर मांडल्यासारखी. लिओ केवढासा. आणि उजव्या कडेला एक्याऐंशी नंबर, सडपातळ, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकलेला. तिचा वॉल्ट, सतरा वर्षांचा. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"हीच ती," एमिल म्हणाला. "तीन गुणांनी मागे, दोन यार्ड हवेत. मी सांगितलं होतं, मधून घुसा. सरळ, साधं. आता बघ."

पडद्यावर लिओ मान वर करून उजवीकडे, मग डावीकडे ओरडला. चेंडू त्याच्या हातात आला. दोन पावलं मागे, आणि चेंडू उजवीकडच्या मोकळ्या जागेत. तिथे गवताशिवाय काही नव्हतं. मग विरोधी खेळाडू आला.

"पाहिलंत?" एमिल म्हणाला. "गवताला पास दिला."

पॉल पुढे वाकला होता. "बाबा, मधे गर्दी आहे. मधून घुसला असता तर भिंतीवर आपटला असता. आणि त्यांचा उजवीकडचा राखणदार मागे सरकलाय. जागा होती तिथे."

"जागा होती, माणूस नव्हता."

"टेसा," वेरा म्हणाली, "मागे घे जरा."

टेसानं मागे घेतलं.

"अजून मागे. तो ओरडायच्या आधी. आता हळू चालव."

वेरा लिओकडे बघत नव्हती. बस चालवताना आरशात मुलांचे चेहरे फसवतात, पाय फसवत नाहीत. कोण कुणाला लाथ मारणार हे पायांवरून कळतं. ती पाय बघत होती. लिओ ओरडला आणि पुढच्या फळीतल्या पाचही जणांनी पाय किंचित हलवले, घुसायचा पवित्रा सोडून थोपवायचा घेतला. मागचा पळणारा अर्धं पाऊल डावीकडे सरकला. डाव्या कडेच्या खेळाडूनं मान डोलावली.

"सगळ्यांनी ऐकलं," ती म्हणाली. "बघ एमिल. प्रत्येकाचे पाय हलले. गोंधळ नाही कुणाचा."

"मग?"

"परत लाव, टेसा."

तिसऱ्यांदा लावल्यावर तिला दिसलं. एक्याऐंशी नंबर हलला नव्हता. लिओनं उजवीकडे ओरडून सांगितलं, तरी त्याचे पाय होते तिथेच. चेंडू सुटल्यावर तो आत धावला, समोरच्याला अडवायला. म्हणजे जुनी चाल. एमिलची चाल. चेंडू त्याच्या पाठीमागून गेला.

तिला आधी वाटलं, वॉल्टचं लक्ष नव्हतं. पण वॉल्टचं लक्ष नाही असं कधी व्हायचं नाही. मग तिच्या मनात एक साधा प्रश्न आला, आणि तो तिनं मोठ्यानं विचारला.

"वॉल्ट उजवीकडे काय करतोय? तो तर डावीकडे खेळायचा. नेहमी."

"डॅनी कोवाचचा पाय मुरगळला होता," एमिल म्हणाला. "अर्ध्या वेळानंतर मी वॉल्टला त्याच्या जागी हलवलं. का?"

वेरा पुन्हा पडद्याकडे वळली. उजव्या कडेला उभं राहून समोर बघायचं, म्हणजे क्वार्टरबॅक डाव्या हाताला. डाव्या कानाला.

छत्तीस वर्षं ती त्याच्या उजव्या बाजूला बसली होती. चर्चमध्ये, गाडीत, पलंगावर. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि त्याचा डावा कान कायमचा बंद झाला, हे त्यानं तिला लग्नानंतर सांगितलं, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाला. तेव्हा तिला वाटलं होतं, लाज वाटत असेल. आणि एकोणऐंशीचा विषय निघाला की तो उठून अंगणात जायचा. तेव्हा तिला वाटायचं, मित्राची बाजू घेतो बिचारा.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

"त्याला ऐकू आलं नाही," ती दारातूनच म्हणाली.

लिओनं नळ बंद केला. त्यानं काय, कुणाला, असं काही विचारलं नाही. त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"त्याच संध्याकाळी. बसमागे रडत होता. म्हणाला, लिओ, मला वाटलं तू जुनीच चाल ओरडून पक्की करतोयस. ओठ हलताना दिसले, बाकी काही नाही."

"मग एमिलला का नाही सांगितलंस?"

"मंगळवारी रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या नोकरीसाठी त्याची तपासणी होती, वेरा. कानाचीही. त्याच्या मामानं डॉक्टरशी बोलून ठेवलं होतं, वरवर बघतील म्हणून. पण गावभर झालं असतं तर? नोकरी गेली असती. आणि नोकरीवर तुमचं लग्न अवलंबून होतं."

आयरीन फडकं हातात धरून उभी होती.

"नंतर?" वेरा म्हणाली. "नोकरी लागली, लग्न झालं, तीन मुलं झाली. नंतर का नाही?"

"नंतर त्याला दरवर्षी जास्त अवघड झालं. आणि मला दरवर्षी कमी गरज वाटली."

"गरज तुला वाटत नव्हती. मला विचारलं होतं कुणी? जुळा भाऊ माझा. वर्षातून एक फोन. मला वाटायचं गाव आवडत नाही तुला, मी आवडत नाही. तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत, हिला काय कळायला हवं आणि काय नको." तिचा आवाज चढला नव्हता, पण ती खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून होती. "तोही तसाच गेला. शेवटच्या महिन्यात रोज तुझं नाव काढायचा. मी म्हणायचे, फोन लावून देऊ? तर नको म्हणायचा."

"लावला होता त्यानं," लिओ म्हणाला. "तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. म्हणाला, आता सांगून टाक. मी म्हटलं, आता कशाला."

वेरा खुर्चीवर बसली. तिला रडू येईल असं आयरीनला वाटलं, पण तसं झालं नाही. ती विचार करत होती. मग ती म्हणाली, "त्यानं सांगून टाक म्हटलं होतं ना? मग झालं. त्याची परवानगी आहे."

*

पॉलनं आत्याला कित्येकदा वडिलांशी वाद घालताना ऐकलं होतं. आज ती वाद घालत नव्हती. तिनं फिल्म पुन्हा लावायला सांगितली, टीव्हीपाशी जाऊन एक्याऐंशी नंबरवर बोट ठेवलं आणि चार वाक्यांत सगळं सांगून ती बाजूला झाली. लिओ काका दाराच्या चौकटीत उभे होते, ॲप्रन अजून अंगावर.

एमिलनं तो प्रसंग तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्यानं टेसाच्या हातून रिमोट घेतला आणि स्वतःच थांबवलं. ओठ हलवत तो काहीतरी मोजत होता.

"म्हणजे ओरडणाऱ्यासकट दहा जणांनी ऐकलं," तो शेवटी म्हणाला.

"दहा जणांनी," वेरा म्हणाली.

"मग मी म्हणतो तेच झालं. एकानं ऐकलं नाही, अपघात झाला. तत्त्व बरोबरच आहे."

"तत्त्व ठेव तुझं, मला नकोय ते. तो तिथे का होता ते सांग. तू हलवलंस. आणि वॉल्ट तुला म्हणाला का, कोच, मला या कानानं ऐकू येत नाही? नाही म्हणाला. कारण तुझ्या संघात कुणी तुला काही सांगत नव्हतं. तू सांगायचास, ते ऐकायचे. आंधळेपणानं चालवलास तू सामना, आणि बाकावर बसवलंस ज्याला दिसत होतं त्याला."

पॉलला वाटलं, आता बाबा उठून जातील. पण एमिल लिओकडे वळला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस," लिओ म्हणाला. "तू म्हणालास, बस."

एमिल गुडघ्यावर हात देऊन उठला, खुंटीवरचा कोट घेतला आणि मागच्या दारानं बाहेर गेला. आयरीन त्याच्यामागे निघाली, पण वेरानं तिचा हात धरला. "राहू दे. फिरू दे जरा."

खिडकीतून तो दिसत होता. पानं गळलेल्या सफरचंदाच्या झाडाखाली उभा राहून तो नदीच्या बाजूला बघत होता. पॉलला जाणवलं, आपण पहिल्यांदाच बाबांना काही न सांगता उभं असलेलं बघतोय.

"पण ते चूक नाहीत, आत्या," तो हळूच म्हणाला. "अकराही जणांना कळायला हवं, हे खरंच आहे. ते कळतं की नाही, हे कळायची सोय हवी. आपल्याकडे ती नाही. मलीक ओरडतो आणि देवावर हवाला ठेवतो."

"मग कर सोय."

पॉल विचार करत होता. "ऐकलं की प्रत्येकानं शिरस्त्राणावर दोन बोटं टेकवायची. मलीकनं सगळ्यांकडे बघायचं. दहा जणांची बोटं दिसली तर चाल बदलायची. एकाची जरी नाही दिसली, तर माझी आहे तीच."

"तू शिकवणार कधी? परवा सामना."

"उद्या सकाळी. नऊला बोलावतो सगळ्यांना." त्यानं दाराकडे पाहिलं. "लिओ काका, तुम्ही याल का? तुम्ही रेषेवर उभं राहून काय बघत होता, ते मलीकला सांगायला कुणीतरी हवंय. मी बाहेरूनच बघत आलोय. मी कधी क्वार्टरबॅक नव्हतो."

लिओनं ॲप्रनची गाठ सोडली. ती ओली झाल्यामुळे सुटायला वेळ लागला. "नऊला?" तो म्हणाला.

*

शनिवारी दुपारी एक वाजता सामना सुरू झाला तेव्हा ऊन होतं, पण बाकं गार होती. वेरा तिच्या नेहमीच्या तिसऱ्या पायरीवर. डावीकडे आयरीन, टेसा. मागच्या पायरीवर एमिल, आणि जागा उरली नव्हती म्हणून म्हणा किंवा काही, लिओ त्याच्याच शेजारी. दोन दिवसांत ते एकमेकांशी 'मीठ दे' यापलीकडे बोलले नव्हते.

मलीकनं पाचदा चाल बदलली. वेरा मोजत होती. पाचही वेळा तो चेंडूआधी क्षणभर थांबला, मान फिरवून सगळीकडे बघितलं, आणि मैदानभर बोटं शिरस्त्राणांना लागली. सहाव्यांदा कडेच्या एका पोराचा हात वर गेला नाही. मलीकनं हवेत मूठ फिरवली, म्हणजे रद्द, आणि पॉलची मूळ चाल खेळला. एकच यार्ड मिळाला. वेरा तरी उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेजारच्या बाईला कळेना की एका यार्डासाठी कशाला.

शेवटच्या मिनिटाला कोलटन चार गुणांनी मागे होतं. पॉलनं चाल पाठवली. मलीक रेषेवर गेला, समोर बघितलं आणि बदलली. दहाही जणांची बोटं शिरस्त्राणांना लागली. चेंडू सरळ रेषेत गेला, जिथे जायला हवा तिथे, आणि तिथे कोलटनचा खेळाडू एकटाच मोकळा होता. चेंडू त्याच्या दोन्ही तळव्यांत आला आणि निसटला.

सामना संपला. लोक उठले आणि कुरकूर सुरू झाली, पॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गस ब्रेनर, गिरणीत चाळीस वर्षं काढलेला म्हातारा, पायऱ्यांवर थांबून मागे वळला.

"काय कोच, पोराच्या हातात देऊन बसलाय तुमचा पॉल. तुमच्या काळात कुणी रेषेवर चाल बदलायची हिंमत केली असती?"

वेरानं मागे वळून पाहिलं. आजूबाजूचे पाच-सहा जण थांबले होते.

"एकानं केली होती," एमिल म्हणाला.

"हो, आठवतंय ना. त्यानंच तर घालवला होता सामना." गसला लिओ ओळखू आला नव्हता.

"त्यानं नाही घालवला. त्यानं बरोबर पाहिलं होतं आणि बरोबर जागी फेकला होता. माझा माणूस चुकीच्या जागी उभा होता. मी उभा केलेला." एमिल सावकाश बोलत होता, जुन्या दिवसांत कपडे बदलायच्या खोलीत बोलायचा तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि आजच्या पोरानंही बरोबर पाहिलं. चेंडू हातातून सुटला. सुटतो. पॉलला कुणी काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोला."

गस 'बरं बरं' म्हणत निघून गेला. वेरा समोर वळली. एमिलनं वॉल्टचं नाव घेतलं नव्हतं. ते नाव येईल याची तिला धास्ती होती आणि ते आलं नव्हतं. तिनं रुमाल काढून नाक पुसलं आणि आयरीनला म्हणाली, "थंडी किती वाढलीय."

खाली मैदानात पॉल मलीकच्या खांद्यावर हात टाकून त्या चेंडू सुटलेल्या पोराकडे चालला होता. स्टँड रिकामं होत आलं. एमिल पायरी उतरायला लागला, एक पाय टाकला आणि दुसऱ्यासाठी त्यानं लिओचा खांदा धरला. लिओ थांबला, भाऊ उतरेपर्यंत.

"त्या दिवशी," एमिल म्हणाला, "मधल्या फळीत मला सहा जण दिसले होते. म्हणून मी मधून घुसा म्हटलं. परवा फिल्ममध्ये मोजले. आठ होते."

"आठच होते."

"मला सहाच दिसले."

"बाजूनं सहाच दिसतात," लिओ म्हणाला. "ते एकमेकांच्या आड उभे असतात."

एमिलनं पुढच्या पायरीवर पाय ठेवला. "आणि तू? तू पहिल्यांदा कुणाकडे बघायचास?"